सत्काराचा डाव

मत विचारायच्या आधीच मी ते देऊन मोकळी होते, असं माझा नवरा म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण गेल्या गणपतीत मावशींच्या बाबतीत जे झालं, त्याचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठते. त्यात कोण बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एक दिवस वाटतं माझी मैत्रीण बरोबर होती. दुसऱ्या दिवशी वाटतं, छे, काकांचंच खरं. तिसऱ्या दिवशी दोघांचाही राग येतो आणि मग मी उगाच लेकीवर ओरडते.

मावशी म्हणजे आमच्या मोदकवाल्या मावशी. वयानं त्या माझ्याहून लहानच, पण जी बाई आपल्याला रांधून घालते तिला मावशी म्हणायचं ही आपली सवय दुबईत येऊनही सुटलेली नाही. त्या रत्नागिरीकडच्या. इंटरनॅशनल सिटीतल्या एका फ्लॅटमध्ये पाच-सहा बायकांबरोबर एक बेड भाड्यानं घेऊन राहायच्या आणि मराठी घरांमधून पोळ्या, फराळ, सणावाराचा स्वयंपाक करायच्या. दुबई मरीनात आमच्याकडे त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांच्याकडे व्हिसा नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळे ते माहीत नसल्यासारखे वागायचो. त्यांची पुरणपोळी फार सुंदर व्हायची.

त्या मुळात इथे आल्या होत्या एका साफसफाईच्या कंपनीतर्फे. ती कंपनी त्यांनी मध्येच सोडली. कंपनीनं रीतसर तक्रार नोंदवली की ही बाई पळून गेली. पासपोर्ट कंपनीकडेच राहिला. तेव्हापासून कायद्याच्या लेखी मावशी फरार, आणि आमच्या लेखी मंगळवार-गुरुवारच्या पोळ्या.

मग सरकारनं माफी जाहीर केली. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांनी ठरलेल्या मुदतीत पुढे यावं. ज्याला मायदेशी जायचं त्यानं दंड न भरता जावं, आणि ज्याला कुणी नोकरी द्यायला तयार असेल त्यानं नवीन कागद करून राहावं. वाचायला सोपं होतं. पण पळून गेल्याची तक्रार असलेल्यांचं काय, यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जितकी माणसं तितके निकाल. कुणी म्हणे तक्रार आपोआप रद्द होते. कुणी म्हणे आधी कंपनीनं मागे घ्यावी लागते. कुणी म्हणे काउंटरवर गेलात की तिथूनच आत घेतात. प्रत्येकाकडे एक ओळखीचा माणूस होता, आणि तो हमखास खात्रीलायक होता.

मावशींना काय हवं होतं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताई, मला जायचंय आणि परत यायचंय. दोन्ही."

त्यांची मुलगी गावाकडे मामा-मामीकडे राहून नर्सिंगचं शिकत होती. मावशी तिला सोडून आल्या तेव्हा ती पाचवीत होती. त्यानंतर भेट झाली ती मोबाईलच्या पडद्यावरच. "फी माझ्या हातच्या पोळ्यांवर चाललीय," त्या म्हणाल्या. "कायमची गेले तर तिचं शिक्षण थांबेल. आणि इथंच राहिले तर ती मला विसरेल. आता फोनवर दोन शब्द बोलते नि मामीकडे देते. इथं राहायचं कार्ड पाहिजे, ताई. कार्ड असलं की माणूस जातोही आणि येतोही."

मी नवऱ्याला सांगितलं, आपण यांना घरकामाच्या व्हिसावर घेऊ. तो आधी कुरकुरला, मग म्हणाला, नियमात बसत असेल तर बघू. म्हणजे नोकरी तयार होती. अडसर त्या तक्रारीचा. ती काढायची कशी, यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर जे महाभारत सुरू झालं ते गणपती बसेपर्यंत चाललं.

एका बाजूला माझी मैत्रीण. ही पुण्याची, कॉलेजच्या दिवसांपासून कुठल्या ना कुठल्या मोर्चात असलेली. इथे जाहिरात कंपनीत नोकरी करते आणि त्याचं तिला थोडं वाईट वाटतं, असा माझा अंदाज आहे. तिचं म्हणणं, लपणं बंद करा. मावशींसारख्या दहा-बारा जणांनी स्वच्छ कपडे घालून, एकाच सकाळी, एकत्र काउंटरवर जायचं. त्याआधी प्रत्येकानं मोबाईलवर स्वतःचं म्हणणं रेकॉर्ड करायचं: मी इतकी वर्षं इथे काम केलं, कुणाचं काही चोरलं नाही, मला कागद हवेत. ते लोकांपर्यंत जाऊ द्यायचं. "लपलेल्या माणसाचं कुणीही काहीही करू शकतं," ती म्हणायची. "ज्याचा चेहरा हजार लोकांनी बघितलाय त्याच्याशी नीट वागावं लागतं. आणि इथे तर सरकार स्वतः या म्हणतंय. मग आपण खाली मान घालून का जायचं?"

तिचं ऐकलं की मला वाटायचं, अगदी बरोबर.

दुसऱ्या बाजूला काका. माझे सख्खे कोणी नव्हेत, साऱ्या ग्रुपचे काका. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं एसीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि माझ्या लग्नाच्या आधीपासून ते इथे आहेत. अडकलेल्या किती माणसांना त्यांनी आजवर घरी पाठवलं याचा ते हिशेब देत नाहीत. त्यांची रीत ठरलेली. एका वेळी एकच माणूस. फोनवर नाव नाही, फोटो तर नाहीच. कंपनीच्या माणसाशी ओळख काढायची, त्याच्याबरोबर चहा प्यायचा, क्रिकेटवर बोलायचं. दोन-तीनदा असा चहा झाला की मग सहज म्हणायचं, अरे, ते एक काम होतं.

"इथे आवाज केला की समोरचा घाबरतो," काका सांगायचे. "तो पण कुणाच्या तरी व्हिसावर आहे ना? घाबरलेला माणूस फाइल उघडत नाही, कुलूप लावतो. आणि पोरी, तू व्हिडिओ काढशील, तुला लाइक्स मिळतील. उद्या त्या बाईला उचललं तर तू काय करणार? दुसरा व्हिडिओ?"

काकांचं ऐकलं की मला वाटायचं, हेच बरोबर. मैत्रिणीनं एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही पाठवलेल्यांपैकी कुणी कधी परत आलं का?" काका जरा गोंधळले. "परत कशाला यायचंय?" ते म्हणाले. तेव्हा मात्र मला परत मैत्रिणीचं पटायला लागलं.

माझी लेक सोळा वर्षांची. ती फ्रिजपाशी उभी राहून ऐकत होती. "बट व्हाय कान्ट शी जस्ट आस्क हिम?" ती म्हणाली.

"कुणाला?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"द मॅनेजर. द गाय हू फाइल्ड इट."

काकांनी तिच्याकडे मायेनं बघितलं आणि मैत्रिणीनं कीव केल्यासारखं. मी तिला अभ्यासाला बस म्हटलं.

या दोन्हींच्या मधला मार्ग काढला आमच्या अध्यक्षांनी. आमचं मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. वर्षाला एक गणपती आणि एक कोजागिरी करणारी चाळीसेक घरं. पण त्याला अध्यक्ष आहेत, सेक्रेटरी आहेत, आणि भांडणं तर आहेतच. अध्यक्षांना काकांकडून कळलं की त्या साफसफाईच्या कंपनीचे मॅनेजर आपल्याकडचेच, मुंबईचे मराठी गृहस्थ आहेत. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "मग बोलवा की त्यांना मुख्य पाहुणे म्हणून. शाल, श्रीफळ, मोमेंटो. माणूस एकदा स्टेजवर शाल पांघरून बसला की त्याला नाही म्हणता येत नाही."

मला हसू आलं. पण विचार केला तर या डावात खोट काढता येईना. मराठी माणूस कशानं विरघळत असेल तर तो सत्कारानं. आमचे एक शेजारी वर्षानुवर्षं वर्गणी देत नव्हते. त्यांना 'ज्येष्ठ आधारस्तंभ' म्हणून नारळ दिला, तेव्हापासून ते दर महिन्याला विचारतात, काही कमी पडतंय का. काकांना डाव आवडला, कारण तो त्यांच्या चहाचाच थोरला भाऊ होता. साहेबांचा सत्कार होईल, कार्यक्रमानंतर काका त्यांना बाजूला घेऊन मोदक देतील, आणि मग विषय काढतील. मैत्रीण खवळली. "ज्यानं तिला फरार ठरवलं त्याच्याच अंगावर शाल?" पण मुदत सरत चालली होती, आणि तिच्या दहा-बारा जणांपैकी एकजण सोडला तर बाकी सगळ्यांनी व्हिडिओला नकार दिला होता. तिनं तोंड वाकडं करून होकार दिला, काकांनी तिच्याकडून शब्द घेतला की ती स्टेजवर जाऊन काही बोलणार नाही, आणि काकांच्याच आग्रहानं असं ठरलं की हा डाव आम्हा चौघांपलीकडे कुणालाही सांगायचा नाही. मावशींना सांगितलं, पण त्यांनी त्या दिवशी हॉलवर यायचंच नाही, असंही सांगितलं. साहेबांना त्या आधी दिसता कामा नयेत.

मावशी एवढंच म्हणाल्या, "आणि मोदक कोण वाफवणार?"

त्या आल्याच. दोनशे माणसांचे उकडीचे मोदक दुसऱ्याच्या हाती सोपवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. आम्ही त्यांना हॉलमागच्या किचनमध्ये बसवलं, बाहेर पडू नका म्हणून बजावलं, आणि आरतीला गेलो.

साहेब आले. पन्नाशीचे, नीटनेटके, हसतमुख. खरं सांगायचं तर मला ते आवडले. मी कुठल्या तरी खलनायकाची वाट बघत होते आणि आला तो माझ्या मावसभावासारखा दिसणारा माणूस. त्यांनी हात जोडून आरती म्हटली, आणि शेवटची कडवी, जी आम्ही सगळे पुटपुटतो, तीही त्यांना पाठ होती. शाल झाली, श्रीफळ झालं. त्यांनी छोटंसं भाषण केलं, परदेशात संस्कृती टिकवणाऱ्यांचं कौतुक वगैरे. काका पहिल्या रांगेत तृप्त चेहऱ्यानं बसले होते. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि फक्त आभारप्रदर्शन उरलं होतं.

आभारप्रदर्शन म्हणजे आमच्या सेक्रेटरींचा हक्काचा प्रांत. त्यांचा नियम असा की कुणाचंही नाव सुटता कामा नये. हॉलवाले, माईकवाले, मूर्ती आणणारे, मूर्तीला गाडीतून आणताना मागच्या सीटवर धरून बसलेली मुलं, साऱ्यांचे ते आभार मानतात आणि लोक खुर्च्या सरकवत ताटांकडे बघत राहतात. त्या दिवशी दुसरे एक पाहुणे आले नव्हते, त्यामुळे एक शाल उरली होती. सेक्रेटरींना आमच्या डावाची काहीच कल्पना नव्हती. आम्हीच ती दिली नव्हती.

"आणि शेवटी," ते माईकमध्ये म्हणाले, "ज्यांच्या हातचे मोदक आपण दरवर्षी खातो पण ज्यांचा सत्कार आपण कधीच केला नाही, त्या आपल्या मावशी. मावशी, या बरं पुढे. मुख्य पाहुण्यांना विनंती आहे की त्यांनी ही शाल..." मग माईक जरा बाजूला धरून अध्यक्षांना म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, "पंचेचाळीस दिरहमची आहे हो, हजार रुपये झाले, वाया कशाला घालवायची."

काका अर्धे उठले आणि तसेच राहिले. उठून काय करणार होते? मैत्रिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर वळ उठला होता. किचनच्या दारातून दोन उत्साही बायका मावशींना जवळजवळ ढकलतच घेऊन आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

साहेबांनी त्यांना ओळखलं. ते पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसलं. हातातली शाल अर्धी उलगडलेली तशीच राहिली. मग त्यांनी ती मावशींच्या खांद्यावर टाकली, आणि मावशी वाकल्या, थेट त्यांच्या पायांपाशी. साहेब घाईघाईनं "अहो, नको, नको" म्हणत त्यांना उठवायला खाली वाकले. क्षणभर दोघांची डोकी जवळ आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं या बाईचा पासपोर्ट दाबून ठेवला त्याच्या पाया पडायची काय गरज होती? शेजारून मैत्रीण दातओठ खात म्हणाली, "बघ. हे असं होतं. हे असंच होतं."

मग साहेबांनी सेक्रेटरींच्या हातून माईक घेतला. त्यांचा आवाज बदलला होता. "या," ते म्हणाले, आणि थांबले. "या आमच्याच कंपनीतल्या आहेत. आमच्याच. मला फार अभिमान आहे."

टाळ्या आणखी वाढल्या. साहेब मोदक न खाताच निघून गेले. काका पार्किंगपर्यंत त्यांच्या मागे गेले आणि हात हलवत परत आले.

त्या रात्रीपासून मावशी आमच्या घरी. काका म्हणाले, इंटरनॅशनल सिटीच्या त्या फ्लॅटवर आता जाऊ नका, कंपनीची माणसं तिथे पोचू शकतात. आमच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, तिथे आम्ही बॅगा ठेवतो. बॅगा बाहेर काढल्या आणि मावशींना आत ठेवलं. नवरा कुजबुजत्या आवाजात मला सांगत राहिला की कागद नसलेल्या माणसाला घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि तुझी नोकरी, माझी नोकरी, पोरीची शाळा, यल्ला, म्हणजे चला चालू लागा, सगळं एका दिवसात बंद होईल. त्याचं चूक नव्हतं. मी त्याला भित्रा म्हटलं. मग बाथरूमची कडी लावून, तो म्हणतोय तसं झालं तर काय, या विचारानं मीच बराच वेळ बसून राहिले. दाराची बेल वाजली की मावशी पोळपाट ठेवून आतल्या खोलीत जायच्या आणि आम्ही सगळे मोठमोठ्यानं काहीतरी बोलायला लागायचो. बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्यावाला असायचा.

इकडे मंडळानं आपलं नेहमीचं कर्तव्य पार पाडलं होतं. म्हणजे कार्यक्रमाचे सगळे फोटो आणि सत्काराचा व्हिडिओ पेजवर टाकला होता. कुणी ठरवून नाही, दरवर्षी टाकतात म्हणून. मैत्रीण ज्यासाठी महिनाभर भांडत होती आणि काका ज्याला महिनाभर अडवत होते, ते एका गृहस्थानं जेवण झाल्यावर पान खाता खाता करून टाकलं. आणि खाली लोकांनी लिहिलं काय? साहेबांचं मोठेपण. असा बॉस असावा. आपल्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या हातानं शाल, याला म्हणतात माणुसकी. मैत्रीण ते वाचून दाखवत होती आणि मध्येच तिला हसू फुटलं, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती आणि काका पुन्हा आमच्या टेबलावर. आता भांडण नवीन होतं. काका म्हणत होते, तो व्हिडिओ काढायला लावा, साहेब कोंडीत सापडलाय, तो फिरून चावेल. मैत्रीण म्हणत होती, उलट तो सगळीकडे पाठवा. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय की ही आमच्या कंपनीतली आहे, आता तो हिला फरार कुठल्या तोंडानं म्हणणार?

"तुम्ही सेक्रेटरींना एक शब्द सांगितला असतात तर हे झालंच नसतं," ती काकांना म्हणाली. "तुमच्या गुपचूपपणानंच हिला स्टेजवर नेलं."

"आणि सगळ्यांना सांगितलं असतं तर साहेबच आला नसता," काका म्हणाले.

मी दोघांकडे बघत होते. दोघंही खरं बोलत होते, आणि दोन खरी वाक्यं एकत्र ठेवली की त्यातून काहीच हाती लागत नव्हतं. मला एकदम दमायला झालं. मावशी गॅसपाशी चहा गाळत होत्या. त्यांच्याविषयी आम्ही इतकं बोलत होतो, आणि त्यांच्याशी मात्र साखर किती, एवढंच.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. साहेबच होते. काकांनी स्पीकरवर टाकला आणि आम्हाला गप्प बसायची खूण केली.

साहेब हिंदीत सुरू झाले आणि मध्येच मराठीत आले. तो व्हिडिओ फिरत फिरत कंपनीच्या अरबी मालकांपर्यंत गेला होता. मालकांनी विचारलं, ही बाई आपली, तर फाइलमध्ये पळाली असं का लिहिलंय? साहेब म्हणाले, "मी बॉसना सांगितलं, वो क्लर्क की मिस्टेक थी. बाई लीव्हवर होती, आता रीजॉइन करतेय. तेव्हा काका, तिला सोमवारी पाठवा. उम्म अल कुवैनला, कामगारांच्या अकोमोडेशनला. तक्रार मी काढून घेतो, नवीन व्हिसा, नवीन कार्ड, सगळं होईल, इन्शाल्ला. पण व्हिसा आमच्याकडेच. दुसरीकडे ट्रान्सफर नाही. नाहीतर मी बॉसला काय सांगू?"

"आणि सुट्टी?" काकांनी विचारलं.

"कार्ड आलं की सुट्टीपण देऊ. इन्शाल्ला."

फोन बंद झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "म्हणजे जिथून पळाली तिथेच परत. आपण शाल घालून हिला परत त्याच्या ताब्यात दिलं."

"खलास," काका म्हणाले. "तक्रार जातेय, कार्ड येतंय, आत टाकलं नाही कुणी. अजून काय पाहिजे?"

"सही बघितल्याशिवाय पाठवायचं नाही," मी म्हणाले. हे मी मोठ्या ठामपणे म्हणाले, पण कुठली सही, कशावर, ते मला ठाऊक नव्हतं.

मावशींनी चहाचे कप टेबलावर ठेवले. "सोमवारी येते म्हणून कळवा," त्या काकांना म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि त्यांच्याबरोबर खाली जाऊन उभी राहिले. कंपनीची व्हॅन त्यांना घ्यायला येणार होती. सप्टेंबर म्हटलं तरी ऊन नुसतं भाजत होतं. एक बॅग, एक पिशवी. इतक्या दिवसांत कुणीही न विचारलेलं मी तेव्हा विचारलं. विचारलं कसलं, तोंडातून निघून गेलं.

"मावशी, तुम्ही ती कंपनी सोडलीत का?"

त्यांनी रस्त्याकडे बघतच सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा त्या तिथे कामाला होत्या. मुलगी तेव्हा आजीपाशीच राहत होती. आई गेल्याचा फोन आला, त्या तशाच कामाच्या कपड्यांत साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सुट्टी मागितली. साहेब चांगल्या आवाजातच म्हणाले, आता जाऊन काय करणार, गेलेलं माणूस परत येतं का. हॉटेलचं काम चालू आहे, संपलं की बघू. ते काम संपलं, दुसरं लागलं. मुलगी मामीकडे गेली. रोज फोन करून विचारायची, आई, कधी येतेस. मग विचारायची थांबली. त्यानंतर एका दुपारी मावशी ज्या मॉलमध्ये फरशी पुसत होत्या तिथून युनिफॉर्मवरच बाहेर पडल्या.

मला भयंकर संताप आला. "आणि त्या माणसाच्या तुम्ही पाया पडलात? सगळ्यांसमोर?"

"पाया पडायला वाकलं की ते उठवायला वाकतात," मावशी म्हणाल्या. "त्याशिवाय त्यांच्या कानाशी कशी जाणार? माईक होता ना मध्ये."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी म्हटलं, साहेब, आईच्या वेळची सुट्टी मागितली होती. अजून मिळाली नाही."

व्हॅन आली. आत निळ्या युनिफॉर्ममधल्या बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. मावशींनी आधी पिशवी आत दिली, मग बॅग. पायरीवर एक पाय ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"आता देतील ना, ताई?"

मी हो म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं. व्हॅन वळून मोठ्या रस्त्याला लागली, आणि माझ्या हातातला फोन वाजायला लागला. मैत्रिणीचा होता. तो थांबला आणि लगेच काकांचा आला.